तुझं पुस्तक आम्हाला हवं आहे: शेवरले बीटला अनावृत पत्र

प्रिय बीट,

तू जन्माने मावळातली. तळेगावच्या एमआयडीसीत, नवलाख उंब्र्याकडच्या माळावर २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला आणि जानेवारी २०१० मध्ये तू तिथून बाजारात आलीस. कोरियात तुझंच भावंड आधी मॅटिझ क्रिएटिव्ह आणि मग स्पार्क या नावाने विकलं गेलं. आपल्याकडे स्पार्क नावाची गाडी आधीच रस्त्यावर होती, म्हणून तुला तुझ्या मूळ संकल्पना-मॉडेलचं नाव मिळालं. मोटारसायकलवर शोभेल असं निळ्या उजेडाचं मीटर आणि मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात दडवलेली दाराची मूठ ही तुझी ओळख. मागे बसणारा पाहुणा अजूनही आधी दार चाचपतो आणि मग विचारतो, ‘अहो, हे उघडतं कुठून?’

पुढचं सगळं मावळाने जवळून पाहिलं. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वर्षअखेरीनंतर भारतात गाड्या विकणार नाही. कारखाना मात्र चालू राहिला. तू तळेगावातच बनत होतीस, पण डाव्या हाताचं स्टिअरिंग लावून मेक्सिकोला जात होतीस. २४ डिसेंबर २०२० ला तेही थांबलं. हजाराहून जास्त कामगारांच्या नोकऱ्यांचा प्रश्न कोर्टात आणि रस्त्यावर लढला गेला. आधी एका चिनी कंपनीशी व्यवहार ठरला आणि बारगळला, मग २०२३ मध्ये ह्युंदाईने ती जागा आणि कारखाना घेण्याचा करार केला. आता तिथे पुन्हा पाळ्या सुरू झाल्या आहेत. गाड्या दुसऱ्या, बोधचिन्ह दुसरं.

पण तू आहेसच. लोणावळ्याच्या बाजारात, कामशेतच्या स्टेशनबाहेर, पवनानगरच्या वाटेवर एमएच-१४ ची पाटी लावलेल्या बीट रोज दिसतात. कोणी दूध घालतं, कोणी शाळेत शिकवायला जातं, कोणी शनिवार-रविवार पर्यटकांना कार्ल्याच्या पायथ्याशी सोडतं. या घरांना नवी गाडी घेणं सहज परवडणारं नाही. त्यांच्यासाठी तू जुनी झालेली नाहीस. तुझा धनी निघून गेला, एवढंच झालं आहे. म्हणून हे पत्र मी तुझ्या नावाने, पण सगळ्यांसमोर लिहितो आहे.

विषय तुझ्या वर्कशॉप मॅन्युअलचा. डॅशबोर्डच्या खणात असतं ते पुस्तक वेगळं. ते मालकाचं. त्यात टायरमधली हवा किती, फ्यूज कुठला आणि बाकी सगळ्याला ‘अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा’. मी म्हणतो ते गॅरेजचं पुस्तक. प्रत्येक नट किती आवळायचा, काढायचा तर कुठल्या क्रमाने, कुठला बोल्ट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही, कुठली वायर कुठल्या रंगाची आणि ती कुठे जाऊन संपते, हे सगळं त्यात असतं. तुला बनवणाऱ्या इंजिनिअरांना तुझ्याबद्दल जे ठाऊक होतं, ते त्यांनी परक्या माणसाच्या हाती देण्यासारखं करून त्यात ठेवलेलं असतं. अधिकृत केंद्र हाताशी आहे तोवर ग्राहकाला त्याची उणीव भासत नाही. केंद्र गेलं की त्या पुस्तकावाचून गाडीचं काही खरं नाही.

बोरघाटाचंच घे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली शंभराच्याही खाली. म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर उतार. चार माणसं आणि सामान धरून तुझं वजन बाराशे-साडेबाराशे किलो होतं. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती वीस लिटर गार पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. काही वाऱ्यात जाते, गाडी खालच्या गिअरवर उतरवली तर बरीचशी इंजिन घेतं. पण जो माणूस चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरतो, तो जवळजवळ सगळी उष्णता पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रमवर टाकतो. तिथून ती पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरमधून ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

हे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डबी बंद असली तरी रबरी होजमधून, झाकणाच्या फटीतून वर्षावर्षाला थोडं पाणी त्यात मुरतंच. कोरडं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच आकडा १५५ वर येऊ शकतो. डॉट ३ चं तर २०५ वरून १४०. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पेडल थेट तळाला जातं. ऑइल थंड झालं की ब्रेक पुन्हा लागतात, म्हणून गॅरेजमध्ये आणलेल्या गाडीत दोष सापडत नाही आणि ‘ड्रायव्हरनेच घाबरून काहीतरी केलं असेल’ म्हणून विषय संपतो. ज्या गावात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जिथून बाहेर पडायला एका बाजूला घाटच आहे, तिथे ही गोष्ट प्रत्येक मालकाला पाठ असायला हवी.

ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावं, हा सर्वसाधारण नियम. गाव सांगतं ‘कमी झालं की टॉप-अप कर’. पण ऑइल कमी होतं ते बहुतेकदा पॅड झिजल्यामुळे. नुसतं वरून भरलं तर जुनं, ओल धरलेलं ऑइल कॅलिपरपाशी तसंच राहतं, म्हणजे नेमकं जिथे तापतं तिथे. मॅन्युअल इथे पायरी-पायरीने चालतं. आधी टाकीतलं काळं ऑइल सिरिंजने काढ, नवं भर, मग निपलला पारदर्शक नळी लाव, एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, पेडल कधी सोडायचं, टाकी मधेच रिकामी का होऊ द्यायची नाही. हवा काढायला कुठल्या चाकापासून सुरुवात करायची, हा क्रम गाडीगणिक बदलतो, एबीएस असेल तर आणखी बदलतो. तो अंदाजाने ठरवायचा नसतो. नळीतून आधी चहाच्या रंगाचं आणि मग एकदम मधाच्या रंगाचं ऑइल यायला लागतं, तो क्षण ज्याने स्वतः पाहिला आहे तो पुन्हा कधी ‘टॉप-अप’वर भागवत नाही. खर्च म्हणशील तर एका बाटलीचा, आणि अर्ध्या सकाळचा.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. जुलैच्या सकाळी किल्ली फिरवली की स्टार्टर कण्हतो, तुझं ते निळं मीटर मिणमिणतं, कधी सुईच नाचते. गॅरेजमधला पोरगा बॉनेट उघडून सांगतो, ‘काका, बॅटरी गेली.’ नवी बॅटरी बसते, आठवडाभर बरं चालतं, पुन्हा तेच. मग स्टार्टर उघडला जातो. मग अल्टरनेटर. पैसे जातात आणि दोष जागेवरच.

वायरिंगच्या नकाशात एक छोटी खूण असते, उतरत्या आडव्या रेघांची. ती अर्थिंगची. इंजिनपासून बॉडीला आणि बॉडीपासून बॅटरीला जाणारी जाड पट्टी नेमकी कुठल्या बोल्टखाली आहे, ते नकाशा सांगतो. आता मल्टिमीटर घ्यायचा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगायचं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आतच राहायला हवा. दीड-दोन व्होल्ट दिसले तर बॅटरीला दोष देऊ नये. तिचं बळ त्या गंजलेल्या बोल्टपाशीच खर्च होतं आहे. बोल्ट काढायचा, पट्टीचं टोक आणि बॉडीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, पुन्हा आवळायचं, वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन. भाग एकही बदलावा लागत नाही. मावळातल्या किती बॅटऱ्या या एका बोल्टपायी भंगारात गेल्या असतील, याचा विचार केला की जीव हळहळतो.

स्कॅनरचंही असंच आहे. आता कोणत्याही छोट्या गॅरेजमध्ये ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर असतो, तो सोळा पिनांच्या सॉकेटला लावला की कोड दाखवतो. पी०३०३ आला की तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इतकंच. मिसफायर प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, हे कोड सांगत नाही. ते शोधायची वाट मॅन्युअलमध्ये असते: आधी हे मोज, आकडा इतका आला तर इकडे जा, नाही आला तर तिकडे. कोड म्हणजे रुग्णाची तक्रार, आणि तक्रार ऐकून लगेच अवयव बदलणारा डॉक्टर आपल्याला चालत नाही.

हे लिहिताना आमच्या मेकॅनिकांना कमी लेखायचं माझ्या मनात नाही. आवाजावरून बेअरिंग ओळखणारी, डोळे मिटून जेटचा आकार सांगणारी माणसं या पट्ट्यात आहेत. जुन्या हायवेवर पावसात, टॉर्च तोंडात धरून त्यांनी लोकांना घरी पोचवलं आहे. पण त्यांच्या हाताला जो अंदाज बसला, तो फियाट, ॲम्बॅसॅडर आणि मारुती ८०० वर. तुझं सिलिंडर हेड ॲल्युमिनिअमचं. अंदाजाने प्लग जास्त आवळला तर आटे जातात, आणि आटे गेले की हेड उतरवण्यापर्यंत मजल जाऊ शकते. हेडचे बोल्ट तर आधी ठरावीक जोराने आणि नंतर ठरावीक अंश फिरवून आवळायचे, तेही मधल्यापासून सुरू करून बाहेरच्याकडे जात. हा आकडा कितीही अनुभवी हाताला आपोआप कळणार नाही. तो कोणीतरी सांगावाच लागतो. मग तो सांगितला का जात नाही?

याचं उत्तर सरकारी कागदावर आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप असा की सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती या कंपन्या स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोचू देत नाहीत, त्यामुळे ग्राहक अधिकृत केंद्रालाच बांधला जातो. तुझ्या कंपनीचं नावही त्या चौदांत होतं, दंड ८४ कोटींच्या वर. आयोगाने नुसता दंड लावला नाही. भाग खुल्या बाजारात मिळावेत आणि दुरुस्तीची पुस्तकं व उपकरणं बाहेरच्या मेकॅनिकांना उपलब्ध व्हावीत, असंही बजावलं. कंपन्यांनी वर दाद मागितली, प्रकरण लांबलं. पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात मोटारींचं क्षेत्रही घेतलं. त्याच वर्षाच्या अखेरीस या हक्काचं संकेतस्थळही आलं. दिशा बरोबर आहे. पण त्या आदेशाला दहा वर्षं उलटून गेली, तरी लोणावळ्याच्या गॅरेजवाल्याला तुझा वायरिंगचा नकाशा कुठून तरी आलेल्या, अर्धी पानं गहाळ असलेल्या फाइलमध्येच शोधावा लागतो.

इंग्लंडमध्ये जॉन हेन्स नावाच्या माणसाने १९६६ मध्ये पहिलं दुरुस्तीपुस्तक काढलं, ऑस्टिन-हीली स्प्राइट या छोट्या गाडीचं. त्याची रीत साधी होती: गाडी खरोखर पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची, आणि हे करताना फोटो काढत लिहायचं. पुढे तिकडे घराघरांतून ती पुस्तकं पोचली. कंपनीने दिलं नाही तर कोणीतरी बसून लिहायचं, ही हिंमत मला त्यात दिसते. तुझ्या बाबतीत तर इतकंही करायची गरज नाही. तुझं पुस्तक लिहून तयार आहे. तुला विकून जी कंपनी इथून गेली, तिला ते खुलं करायला काय तोटा? तुझ्या भागांवर आता ती इथे धंदा थाटणार नाही. माझं ठाम मत आहे की जी कंपनी एखाद्या देशातून विक्री बंद करते, तिने जाण्याआधी आपल्या गाड्यांची दुरुस्तीची पुस्तकं आणि भागांच्या याद्या जनतेच्या हवाली कराव्यात, आणि ही अट कायद्यातच असावी. वॉरंटी किती वर्षं पाळणार हे विचारलं जातं. तसंच हेही विचारलं पाहिजे.

भागांचं म्हणशील तर तिथेही माहितीच उपयोगी पडते. तुझ्या डिझेल भावंडाचं इंजिन ९३६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. फियाटचं गाजलेलं १.३ मल्टिजेट १,२४८ सीसीचं, चार सिलिंडरचं. १,२४८ ला चारने भागून तीनने गुण, बरोबर ९३६ येतात. एक सिलिंडर कमी केलेलं तेच घराणं. ते मल्टिजेट स्विफ्टमध्ये होतं, व्हिस्टामध्ये होतं, म्हणजे देशात लाखोंनी फिरलं. त्यातलं तुला काय चालतं आणि काय चालत नाही, हे नंबर आणि मापं ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जो माणूस पार्ट नंबर घेऊन जातो, त्याला दुकानदार खुर्ची देतो. जो ‘बीटचं ते गोल असतं ना’ म्हणतो, त्याच्या हाती जे पडेल ते पडतं. मागच्या दाराची ती कोपऱ्यातली मूठ तुटली की मालक कसे वणवण फिरतात, हे मी पाहिलं आहे.

आणि आता वेळही थोडा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१० मध्ये रस्त्यावर आलेल्या तुझ्या पहिल्या बहिणी २०२५ पासून त्या उंबरठ्यावर आहेत. आरटीओत तपासणी, पर्यावरण कर, पीयूसी, मग पाच वर्षांचं नूतनीकरण. नीट राखलेली बीट ही तपासणी सहज पार करते. अंदाजाने ठोकलेली करत नाही. पुढची दोन-तीन वर्षं ठरवतील की मावळात बनलेल्या गाड्या मावळात चालत राहतात की भंगारात जातात.

मला राहून राहून एक वाटतं. तुला ज्यांनी लाइनवर उभं राहून जोडलं, ते लोक अजून इथेच आहेत. वडगावात, इंदोरीत, तळेगाव स्टेशनच्या आसपास. कुठला बोल्ट किती न्यूटन-मीटरने आवळायचा हे त्यांनी पाळीपाळीला शेकडो वेळा केलं आहे. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं कुठे आहेत आणि ती बुजली की तिथूनच गंज का सुरू होतो, हे त्यांना कोणी सांगायला नको. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो. त्या मुलांसमोर एक जुनी बीट, एक मॅन्युअल आणि तळेगावच्या लाइनवरचा एक अनुभवी कामगार उभा करावा. संस्थेला खर्च नगण्य, आणि ज्या माणसाची नोकरी गेली त्याच्या हातातल्या विद्येला मान.

तोवर मी माझ्यापुरतं एक काम सुरू केलं आहे. मॅन्युअलची जेवढी पानं मिळाली, त्यातली घाटाला आणि पावसाला लागणारी प्रकरणं मी मराठीत उतरवतो आहे. ब्रेक, कूलिंग, अर्थिंग आणि काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढून पाण्याची वाट मोकळी करणं, एवढं आधी. आमच्या गॅरेजवाल्याने पहिली काही पानं वाचली आणि ब्रेकच्या प्रकरणात दोन दुरुस्त्या सुचवल्या. दोन्ही योग्य होत्या, त्या मी घातल्या. आता त्याने कूलिंगचं प्रकरण मागितलं आहे, मार्चच्या आधी, कारण एप्रिलमध्ये खोपोलीहून चढून आलेल्या, वाफाळलेल्या गाड्या त्याच्या दारात उभ्या राहतात. थर्मोस्टॅट किती अंशांना उघडायला हवा आणि पंखा केव्हा लागायला हवा, हे आकडे असलेलं पान माझ्याकडच्या फाइलमध्ये नाही. ज्याच्याकडे ते असेल त्याने पाठवावं.

तुझा,
लोणावळ्यातला एक मालक